प्रूफ आलं का? एका रविवारच्या जोडीची केस

पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी स्वयंसेवकांचं काम बघते, म्हणजे कोण कधी येणार, कुणाजवळ बसणार, काय आणायचं, काय अजिबात आणायचं नाही, हे सगळं माझ्या गळ्यात. चाळीसेक आजी-आजोबा आहेत, त्यातले दहा-बारा पूर्ण अंथरुणावर. आश्रमाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत. ही केस लिहून काढायचं कारण म्हणजे यात चूक आमची, खरं तर माझीच झाली, आणि ज्यांच्याकडे कॉलेजची पोरं रविवारी येतात त्या सगळ्यांकडे ती होऊ शकते.

२०२२ च्या गणपतीनंतरची गोष्ट. एका ज्युनिअर कॉलेजच्या सरांचा फोन आला, एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची अकरावीची बॅच आहे, पाठवू का. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात, झाडं लावून आणि रस्ते झाडून ते काही भरत नाहीत, मग वृद्धाश्रम आठवतो. मी हो म्हटलं कारण आमच्याकडे बोलायला माणूसच नाही. मावशी लोक आणि ब्रदर आंघोळी, डायपर, जेवणं, कूस बदलणं यातच बुडालेले असतात, त्यांनी गप्पा कधी मारायच्या? २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यात निराधारांसाठी टप्प्याटप्प्याने, सुरुवातीला जिल्ह्याला किमान एक आणि दीडशे जण मावतील असा आश्रम, असं लिहिलंय. खाटा मोजता येतात ना, म्हणून त्या लिहिल्यात. रविवारी दुपारी तीन ते पाच कुणाजवळ कोण बसणार हे कुठला कायदा लिहिणार!

पहिला रविवार नेमका पितृपक्षातला आला. ज्यांनी आश्रम चालवलाय त्यांना पितृपक्ष म्हणजे काय ते सांगायला नको. एरवी वर्षभर न फिरकणारी मंडळी पंधरा दिवस रांगेत असतात, सकाळी एकांची खीर, दुपारी दुसऱ्यांचं श्रीखंड, संध्याकाळी जिलबी, आणि सोमवारी आमचा सगळा मजला पोट बिघडून पडलेला. त्या दिवशी अठरा पोरं आली, स्पीकर घेऊन, हॉलमध्ये लावणीपासून झिंगाटपर्यंत सगळं नाचून झालं, केळी वाटली, फोटो काढले. दोन आजींनी कानातलं मशीन काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. एका आजोबांना तेच केळं तीन पोरांनी तीनदा दिलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी तिन्ही खाल्ली, शुगर असून. सर मात्र खूश होते.

मी सरांना सरळ सांगितलं की असं नको, अठरा नको, आठच द्या, पण तीच आठ दर रविवारी, आणि प्रत्येकाला एक ठरलेलं माणूस. सरांनी थोडे आढेवेढे घेतले, मग ऐकलं. आईवडिलांचं संमतीपत्र घेतलं, कारण पोरं अठराच्या आतली. खोलीचं दार उघडं ठेवायचं, एकट्याने खोलीत थांबायचं नाही, फोटो नाही, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, सर्दी-खोकला असेल तर घरीच बसायचं. आणि सिस्टरला विचारल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण आमच्याकडे चार-पाच जणांना गिळायचा त्रास आहे, त्यांना पाणीही पावडर घालून दाट करून, नीट बसवूनच द्यावं लागतं, आडवं असताना दिलेलं पाणी छातीत जातं. पोरांना हे माहीत नसतं, माहीत असायचं कारणही नाही.

अजून एक शिकवलं ते सगळ्यांनीच लक्षात ठेवायला हरकत नाही. खोलीत शिरताना “ओळखलं का मला?” असं विचारायचं नाही. नातेवाईक हमखास हेच विचारतात, आणि समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो ते बघा एकदा, तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखा. त्यापेक्षा आपलं नाव सांगायचं, रोज सांगायचं, दहा मिनिटांनी परत सांगायचं. आणि ओरडून बोलायचं नाही, म्हातारपणी आधी बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून मुलींनी किंचाळून बोललं की उलट कमीच कळतं. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा खालच्या पट्टीत बोलायचं.

आता ज्या जोडीबद्दल लिहायचंय ती. मुलगा सायन्सचा, सोळा वर्षांचा, फारच कमी बोलणारा. अशा पोराला कुणाजवळ बसवायचं हा प्रश्नच होता म्हणून मी त्याला सात नंबरच्या आजोबांकडे दिला, कारण तेही फार बोलायचे नाहीत. म्हणजे यात माझं काही डोकं वगैरे नव्हतं, दोन गप्प माणसं एकत्र टाकली इतकंच. आजोबा तेव्हा ऐंशीचे, लहान लहान स्ट्रोक होऊन गेलेले, त्यातून स्मृतिभ्रंश. मुलगी बाहेरगावी, दोन महिन्यांतून एकदा यायची. संध्याकाळी साडेपाचनंतर अस्वस्थ व्हायचे, हाका मारायचे, हे अशा पेशंटमध्ये खूप जणांना होतं, दिवस मावळायला लागला की घालमेल वाढते. आणि एक विचित्र सवय होती. उजव्या हाताच्या दोन बोटांनी चादरीवरून काहीतरी बारीक उचलायचे आणि डाव्या हातात ठेवायचे, उचलायचे आणि ठेवायचे, तासन्‌तास, डावा हात असा अर्धवट वळवलेला, अंगठा आत दाबलेला. आमच्या नोंदवहीत त्याला “चादर कुरतडतात” असं लिहिलेलं होतं. मावशी त्यांच्या हातात रुमाल द्यायच्या, रुमालाच्याही दशा काढायचे. डॉक्टर म्हणाले होते की अशा आजारात हातांचा चाळा असतो, आणि ते काही चूक नव्हतं.

चौथ्या का पाचव्या रविवारी मुलगा कंटाळून समोर बसून पेपर वाचत होता. मी बाहेर व्हरांड्यात रजिस्टर भरत होते. आतून आजोबांचा आवाज आला, चांगला खणखणीत, “दुसऱ्या ओळीत वेलांटी चुकलीय.” मुलाने पेपर गुडघ्यावर आडवा धरला होता, म्हणजे आजोबांच्या बाजूने अक्षरं पूर्ण उलटी. त्याने बघितलं तर खरंच एका शब्दाला दीर्घ वेलांटी हवी होती तिथे ऱ्हस्व छापली होती. त्याने पेपर सरळ करून त्यांच्यापुढे धरला तर आजोबांनी वैतागून परत उलटा केला आणि बोट लावून वाचायला लागले.

फाईलमध्ये यांचा व्यवसाय “खाजगी नोकरी” एवढाच होता. मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली अहो बाबा पेठेतल्या प्रेसमध्ये कंपोझिटर होते, सोळाव्या वर्षापासून, ऑफसेट आणि कॉम्प्युटर येऊन प्रेस बंद पडेपर्यंत. फॉर्ममध्ये रकाना छोटा होता म्हणून मी खाजगी नोकरी लिहिलं.

ज्यांनी जुना छापखाना बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही हे सगळं नंतरच कळलं. कंपोझिटर म्हणजे खिळे जुळवणारा, आणि खिळा म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा. समोर केस, म्हणजे घराघरांचा लाकडी खण, देवनागरीत जोडाक्षरं आणि काना-मात्रा-वेलांट्या धरून शेकडो घरं, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, उजव्या हाताने एकेक खिळा न बघता उचलून स्टिकमध्ये लावायचा, डावा अंगठा लावलेल्या खिळ्यांवर दाबून ठेवायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं, आणि स्टिकमध्ये ओळ डोक्यावर उभी राहिलेली असते, आणि कंपोझिटर ती तशीच डावीकडून उजवीकडे सरळ वाचतो. म्हणजे आमचे आजोबा चादर कुरतडत नव्हते. काम करत होते. आणि आम्ही दोन वर्षं त्यांच्या हातात रुमाल देत होतो.

हाताला बसलेली सवय अशा आजारात पुष्कळ उशिरापर्यंत टिकते, काल काय जेवलो ते जातं पण पोळी लाटणं राहतं, पेटीवरची बोटं राहतात. हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्या माणसाचा हात बघून डोक्यात येणं वेगळं. त्या पोराच्याही डोक्यात काही सिद्धांत नव्हता, त्याने फक्त पेपर उलटा धरला होता.

पुढच्या रविवारी आमचे हे सोळा वर्षांचे साहेब जुन्या बाजारातून मूठभर खरे खिळे घेऊन आले, एका जुन्या औषधाच्या डब्यात. सिस्टर भडकल्या आणि बरोबरच भडकल्या, खिळे म्हणजे शिसं, त्यात थोडं कथील आणि अँटिमनी, आणि आमच्याकडे माणसं हातात येईल ते तोंडात घालतात. डबा जप्त. मुलाने मग मसाल्याचा कप्प्यांचा डबा घेतला, लाकडी ठोकळ्यांवर अक्षरं चिकटवली, दोन रविवार खपून अगदी सुबक केलं होतं हो. आजोबांनी एक ठोकळा उचलला, बोटाने चाचपला आणि खाली ठेवला. “हा खिळा नाही.” बस. परत चादर.

शेवटी सिस्टर, मी आणि डॉक्टर बसलो आणि ठरवलं की खरे खिळे द्यायचे, पण टेबलाशी, खुर्चीत बसवून, एक मोठं माणूस हजर असताना, अर्धा तास, नंतर दोघांनी साबणाने हात धुवायचे, आणि खिळे मोजून द्यायचे मोजून घ्यायचे. बत्तीस होते. मुलाने डब्याच्या झाकणावर मार्करने ३२ लिहून ठेवलं. दर रविवारी मोजणी व्हायची, आणि एकदा एकतीसच भरले तेव्हा आम्ही गादी, चादर, खिसे, आजोबांची स्लीपर, सगळं झटकलं, सिस्टर एक्स-रेला पाठवायच्या तयारीत, तर बत्तिसावा मुलाच्याच बाहीच्या दुमडीत सापडला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं, भीतीने का होईना.

असं वर्षभर चाललं. आजोबा खिळे लावता लावता बोलायचे, तुकड्या-तुकड्यात. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा हे एकोणीस वर्षांचे. प्रेसच्या केसी पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर गाळातून खिळे वेचायचे, बादलीत धुवायचे आणि अक्षर ओळखून परत आपापल्या घरात टाकायचे हे काम कित्येक आठवडे त्यांनी केलं. कधी सांगायचे पूर आला तेव्हा मी प्रेसमध्येच होतो, कधी म्हणायचे घरी माळ्यावर बसलो होतो. मुलगा मला विचारायला आला, यातलं खरं कुठलं, विचारू का त्यांना? मी म्हटलं तू काय पंचनामा करतोयस का, ऐक की. पण गाळ आणि बादली प्रत्येक वेळी तशीच यायची, आणि “ष आणि प चिखलात सारखेच दिसतात” हे वाक्य मी स्वतः तीनदा ऐकलंय.

इथे एक सांगून टाकते. आमच्या वार्षिक अहवालात लिहिलं गेलं की “विद्यार्थ्यांच्या सहवासामुळे रुग्णाच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा”. तसं काही नव्हतं. रविवारी संध्याकाळी हाका कमी असायच्या आणि जेवण बरं जायचं, नोंदवहीत तेवढंच दिसतं. सोमवार ते शनिवार जसं होतं तसंच होतं. आजार पुढे सरकतच होता. पण देणगीदारांना लक्षणीय सुधारणा आवडते.

आता चूक. डिसेंबर २०२३, मुलगा बारावीत, जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारीत बोर्ड, पुढे सीईटी. कॉलेजने बारावीचं एनएसएस बंद केलं. हे होणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, महाराष्ट्रात राहून बारावी माहीत नाही असं कोण आहे! तरी मी काहीच ठरवलं नव्हतं. शेवटच्या रविवारी मुलाने मला विचारलं, आजोबांना काय सांगू? मी म्हटलं, सांग परीक्षा झाली की येतो, तसंही त्यांच्या लक्षात राहणार नाही. हे वाक्य माझं आहे, आणि ते मी अगदी सहज, रजिस्टरवरची मान वर न करता म्हटलं.

आजोबांना मुलाचं नाव कधीच लक्षात राहिलं नाही हे खरं. त्यांच्या लेखी तो प्रेसमधला पोऱ्या होता, प्रूफ, म्हणजे चुका तपासायला काढलेला छाप, नेणारा-आणणारा. पण पोऱ्या येतो हे पक्कं लक्षात राहिलं होतं. पहिल्या रविवारी तीन वाजता ते स्वतःहून टेबलाशी जाऊन बसले. मावशींना विचारलं, “प्रूफ आलं का?” मावशी म्हणाल्या कसलं प्रूफ हो. दुसऱ्या रविवारी व्हरांड्यातल्या खुर्चीत, गेटकडे तोंड करून, चहा तसाच गार. मंगळवारीही विचारलं. तिसऱ्या रविवारी चहाच्या गडबडीत मावशींची पाठ वळली आणि आजोबा काठी न घेता पोऱ्याला बघायला गेटकडे निघाले, पायरीवर पडले. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर.

मुलाला कळवायचं का यावर आमच्यात चांगलीच वादावादी झाली. मी त्याच्या आईला फोन केला, त्या म्हणाल्या ताई, बोर्डाला महिना राहिलाय, प्लीज त्याला काही सांगू नका. मला त्यांचं चुकलं असं अजूनही वाटत नाही. मी सांगितलं नाही. आठातली कुठलीच दुसरी मुलं येत नव्हती, सगळी बारावीची, एकदमच बंद झालेली, म्हणजे आठही जणांचे रविवार एकाच दिवशी संपले होते. चार नंबरच्या आजी तर थेट म्हणाल्या, “भरले वाटतं तुमचे तास.” त्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांना सगळं कळत होतं, आणि तेवढंच लागलंही होतं.

सीईटी संपवून मे अखेरीस मुलगा आला, न कळवता, पेढे घेऊन. प्लास्टर केव्हाच निघालं होतं पण बोटं आखडली होती, फिजिओथेरपी अशा पेशंटला नीट करवून घेता येत नाही, व्यायाम सांगितलेला दोन मिनिटांत विसरतात. डबा टेबलावर ठेवला तर आजोबांनी एक खिळा उचलायचा प्रयत्न केला, तो घरंगळला, परत केला, परत घरंगळला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पडल्याचं मुलाला मावशींकडून कळलं. तो ऑफिसात आला, पेढ्यांचा बॉक्स तसाच हातात. म्हणाला, मॅडम मला एक फोन तरी करायचा ना, मी पंधरा मिनिटं आलो असतो, प्रिलिमच्या दुसऱ्या दिवशी मी क्रिकेट खेळत होतो. मी आईचं नाव सांगितलं नाही. काय बोलणार होते मी त्यावर, सॉरी म्हटलं.

नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावच्या एका वृद्धनिवासात २०१२ पासून कॉलेजचे विद्यार्थी फुकट राहतात, बदल्यात महिन्याला तीस तास शेजारधर्म पाळायचा. लोक मला त्याच्या लिंक पाठवत असतात, आपल्याकडे का नाही होत म्हणून. होईल तेव्हा होईल. तिथेही पोरं शिक्षण संपलं की जाणारच की, पण ती तिथेच राहत असल्याने एकाच्या जागी दुसरा येतो, आणि बुधवारी रात्री जिन्यातही दिसतो. आमच्याकडे नातं सगळं दोन तासांच्या रविवारवर टांगलेलं, आणि ते कधी सुटणार याची तारीख बोर्डाच्या वेळापत्रकात आधीच छापलेली.

जून २०२४ पासून आम्ही काय बदललं ते सांगते. एका आजी-आजोबांना दोन मुलं, एक अकरावीचं आणि एक बारावीचं, म्हणजे डिसेंबरात एकच सुटतं. शेवटचा महिना दोघांनी एकत्र बसायचं. “परत येतो” हे वाक्य बंद, त्याऐवजी जायच्या आधी चार रविवार, दर रविवारी सांगायचं की अमुक तारखेपर्यंत मी आहे, समोरच्याला आठवणार नसलं तरी सांगायचं, कारण कुणाला काय आठवणार ते आपण ठरवायचं नाही हे मला एका मनगटाच्या किमतीत कळलं. मुलांच्या पालकांशी सुरुवातीलाच बोलून घेतो, आश्रमात काही झालं तर मुलाला कळवायचं की नाही, परीक्षा असली तरी. बहुतेक पालक हो म्हणतात. दोघांनी नाही लिहून दिलं, तेही फाईलला आहे. आणि आजी-आजोबांच्या भरतीच्या फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना मोठा केला, अर्धं पान. “गृहिणी” एवढंच लिहून आलेल्या एका आजी चाळीस वर्षं घरी पापड लाटून विकत होत्या हे त्यामुळे कळलं.

सगळं जमतंय असं नाही. कॉलेजला दोन-दोन मुलं एकाला लावणं परवडत नाही म्हणतात, फोटोत गर्दी कमी दिसते. यंदा पाचच जोड्या झाल्या.

मुलगा ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेला. त्याआधी चार रविवार आला, नियमाप्रमाणे, आणि सोबत अकरावीची एक मुलगी बसायची. पहिले दोन रविवार आजोबा तिच्याकडे बघेचनात. आजोबांची बोटं आता खिळे पकडत नाहीत, पण नजर शाबूत आहे, म्हणून मुलाने शोधून काढलं की आपण खिळे लावायचे आणि त्यांनी वाचायचं. तो लावायचा, मुद्दाम एखादी वेलांटी चुकवायचा, आजोबा पकडायचे. शेवटच्या रविवारी त्याने डबा तिच्या हातात दिला, मोजून.

परवा ती मुलगी डबा घेऊन ऑफिसात आली, दोन खिळे तळहातावर ठेवून. मॅडम, सगळी उलटी अक्षरं, यातला ष कुठला आणि प कुठला? मी म्हटलं मला काय विचारतेस, सात नंबरला जा.